नव्या कचेऱ्या कोठे आणि कोणासाठी?

पोलीस ठाणे आणि नगरपालिका ही दोन कार्यालये म्हणजे सामान्य माणसाला प्रत्यक्ष दिसणारे सरकार होय. मंत्रालय त्याने बहुधा पाहिलेले नसते. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे जाणे वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी घडते. परंतु मुलाच्या जन्माची नोंद, घरपट्टीचा भरणा, नळाची तक्रार, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, बांधावरून झालेली मारामारी, चोरीस गेलेली मोटारसायकल, घरातून निघून गेलेली मुलगी, यांपैकी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने त्याला या दोहोंपैकी एका दारात उभे राहावेच लागते. ते दार कसे आहे, किती लांब आहे आणि आत शिरल्यावर बसावयास जागा आहे की नाही, यावरून तो सरकारविषयीचे आपले मत बनवीत असतो. ही कार्यालये जुन्या व अपुऱ्या जागांतून चांगल्या इमारतींत हलवावीत, अशी मागणी गावोगाव होत असते. तिच्याशी आमचा वाद नाही. ‘चांगली इमारत’ म्हणजे काय, याचा विचार मात्र ज्याने करावयास हवा त्याने न करता ज्याच्या सोयीचे आहे त्याने केला, असे वारंवार घडत आले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

माणसारख्या तालुक्याचे उदाहरण घेऊ. म्हसवडची नगरपालिका १८५७ सालची, म्हणजे देशातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. इंग्रज सरकारने १८५० साली केलेल्या कायद्याने गावांना पालिका स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि सातारा (१८५३), कऱ्हाड (१८५५) यांच्या पाठोपाठ माणगंगेच्या काठचे हे व्यापारी गावही त्या यादीत आले. तालुक्याचे मुख्य ठाणे दहिवडी. तेथे मात्र परवापरवापर्यंत ग्रामपंचायतच होती. तालुक्याच्या ठिकाणांना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण शासनाने गेल्या दशकात स्वीकारले, तेव्हा दहिवडी, वडूज अशी गावे नागरी झाली. दर्जा अधिसूचनेने एका दिवसात वाढतो. खोल्या तशा वाढत नाहीत. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आले, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, नगररचना, आरोग्य, पाणीपुरवठा, करवसुली असे विभाग निर्माण झाले. ग्रामपंचायतीच्या मापाने बांधलेल्या चार भिंतींत नगराचा कारभार कोंबला की काय होते, हे अशा कोणत्याही गावी जाऊन पाहावे.

पोलीस ठाण्यांची कथा निराळी नाही. इंग्रजी अमलातील तालुका कचेरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची रचना आठवत असेल. एकाच कौलारू छपराखाली मामलेदार, खजिन्याची खोली आणि गजांची कोठडी. पुढे ओसरी, आणि ओसरीपुढे लिंबाचे झाड. पहारा एकच, तो खजिन्यावरही आणि कैद्यावरही. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था चोख होती, कारण सारा गोळा करणे आणि बंदोबस्त ठेवणे एवढ्या दोनच गोष्टींशी त्यांचे कर्तव्य संपत असे. फिर्याद घेऊन येणाऱ्या माणसाचा विचार त्या नकाशात नव्हता. तो ओसरीवर किंवा लिंबाखाली बसे. पुढे ठाणी वेगळी झाली, खात्याचा पसारा शतपट वाढला, परंतु बसण्याची जागा पुष्कळ ठिकाणी अजून लिंबाखालीच आहे. आणि आता तर तेथे मुद्देमाल म्हणून आणलेल्या गंजक्या मोटारसायकलींनी त्याच्याशी वाटणी मागितली आहे.

नव्या इमारतीला होणारा पहिला विरोध निराळ्याच दिशेने येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. ज्या तालुक्यात पावसाने ओढ दिली की गावोगाव टँकर धावतात, छावण्या पडतात आणि माणसे पोटासाठी बाहेर पडतात, तेथे कचेऱ्यांवर कोट्यवधी रुपये खर्चण्याऐवजी ते पाण्यावर का खर्चू नयेत? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गावकरी अंगमेहनतीने तालीम उभारतात, राजा तिच्या उद्घाटनाला येतो, आणि पुढे दुष्काळ पडून गावच रिकामे होते. माणदेशातील माणसाला इमारतींविषयी थोडा अविश्वास वाटला तर तो अनुभवातून आलेला आहे.

हाच प्रश्न महाराष्ट्रात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका नगरपालिकेत विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याचे मूळ गाव माणच्या शेजारच्याच खटाव तालुक्यातील. कटगुणच्या गोऱ्हे घराण्यातून पुण्यास गेलेल्या फुल्यांच्या कुळातील जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. गव्हर्नर जनरल लिटन यांच्या स्वागतासाठी १८८० साली एक हजार रुपये खर्चण्याचा विषय निघाला, तेव्हा ते पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावेत असे सांगून एकट्या जोतीरावांनी विरोध केला. त्यानंतर पुण्यात मोठी मंडई बांधण्याचे ठरले. शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भाजीबाजार भरत असे. त्याऐवजी दगडी, शिखराची, देखणी इमारत उभारावयाची होती. त्या खर्चासही जोतीरावांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, या पैशाची गरज शिक्षणाला अधिक आहे. मंडई व्हावयाची ती झालीच. १८८६ साली गव्हर्नर रे यांच्या नावाने तिचे उद्घाटन झाले आणि पुढे कित्येक वर्षे पुणे नगरपालिकेची कचेरीही त्याच इमारतीत होती. खाली भाजी, वर नगरपिते.

१९३८ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्या मंडईला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. ज्या इमारतीला विरोध केला तिच्यावरच नाव कोरले जावे, यात दैवाचा विनोद आहे खरा. परंतु जोतीरावांचा विरोध चुकीचा ठरला असे यातून म्हणता येत नाही, आणि मंडई निरुपयोगी होती असेही नाही. बागवान आणि माळीणबाई यांच्या डोक्यावर छप्पर आले, आणि कारभार पाहणाऱ्यांना रोज बाजारातून वाट काढीत जिना चढावा लागला. आमच्या मते त्या कचेरीचा सर्वांत मोठा गुण हाच होता. ज्यांच्यावर कर बसवावयाचा त्यांच्या गलक्यात बसून ठराव करावे लागत.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तेथे पालिका आणि पोलीस या दोहोंची स्थलांतरे अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने झाली. मुंबई महापालिकेची पहिली कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होती. १८७० साली ती एस्प्लनेडवर, वॉटसन हॉटेलच्या शेजारी गेली. शहर वाढत होते, जागा पुरेना. ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते नव्या इमारतीची कोनशिला बसली; फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या नकाशाप्रमाणे १८९३ साली ती पुरी झाली. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये होती. खर्च झाला ११,१९,९६९ रुपये. म्हणजे अडुसष्ट हजारांवर रुपये वाचले. आजच्या वाचकाला मनोऱ्याच्या २३५ फूट उंचीपेक्षा हाच आकडा अधिक थक्क करील, असा आमचा तर्क आहे. पोलिसांचे मुख्य कार्यालय तोवर माझगावकडील एका जुन्या इमारतीत होते. क्रॉफर्ड मार्केटसमोरची त्यांची नवी इमारत १८९६ साली तयार झाली आणि आजही मुंबईचे पोलीस आयुक्त तेथेच बसतात. समोरच्या मार्केटला आता महात्मा फुल्यांचेच नाव आहे, हाही एक योगायोग.

या दोन्ही इमारती कोठे बांधल्या गेल्या, ते पाहण्यासारखे आहे. एक बोरीबंदरच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोर. दुसरी शहरातील सर्वांत गजबजलेल्या बाजारापुढे. आगगाडीतून उतरलेला मनुष्य रस्ता ओलांडला की पालिकेत, आणि बाजाराला आलेला मनुष्य वळला की पोलिसांच्या दारात. परकीय सरकारचे हेतू लोककल्याणाचेच होते असे आम्ही म्हणत नाही. रोब दाखविणे हाही हेतू होता. तरीही जागा निवडताना लोकांची पावले कोठे पडतात हे त्यांनी पाहिले होते.

आणि याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. तो प्रथम ओळखला डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी, आणि ते स्वतः महापालिकेचे सदस्य होते. नव्या इमारतीत सभा भरून तीन-साडेतीन वर्षे होत आली होती, पोलिसांची इमारत नुकती उभी राहत होती, आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून पळाले. मनोऱ्यापासून मांडवीच्या गटारांचे अंतर मैलभरही नसेल. उत्तम इमारत म्हणजे उत्तम कारभार नव्हे, हे तेव्हा अतिशय क्रूर रीतीने दिसून आले. म्हणून माणमध्ये जो कोणी ‘आधी पाणी’ असे म्हणेल त्याला वेड्यात काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. इमारतीचा खर्च पाण्याच्या खर्चाला कात्री लावून होत नाही ना, हे त्याला आकड्यांनिशी दाखविले पाहिजे. ते दाखविता आले तर मागणी रास्त आहे.

आता जागेचा प्रश्न. हल्ली नवीन प्रशासकीय इमारत म्हटली की ती गावाबाहेर, वळणरस्त्यालगत, सरकारी पड जमिनीवर बांधण्याची रीत पडली आहे. कारणे सर्वांना ठाऊक आहेत. जमीन फुकट मिळते, भूसंपादनाची कटकट नाही, साहेबांच्या गाड्या उभ्या करण्यास ऐसपैस जागा, आणि बांधकाम करताना कोणाचा खोळंबा नाही. ही सर्व कारणे बांधणाऱ्याच्या आणि बसणाऱ्याच्या सोयीची आहेत. येणाऱ्याचा हिशेब निराळा असतो. माणमधील एखाद्या वाडीवरची बाई एस.टी.ने तालुक्याला येते. स्थानकापासून कचेरी पाच मिनिटांवर असेल तर ती काम उरकून परतीची गाडी पकडते. तीच कचेरी दोन-तीन किलोमीटर दूर गेली, तर जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, ‘साहेब फिरतीवर आहेत’ हे ऐकून पुन्हा दुसऱ्या दिवशीचा हेलपाटा, आणि दोन्ही दिवसांची बुडालेली मजुरी हे सारे तिच्या अंगावर पडते. सरकारची जमीन फुकट झाली. पण तिची किंमत या बाईने हप्त्याहप्त्याने भरली. अंदाजपत्रकात हा रकाना नसतो.

गावाबाहेर जाणे सदैव चूकच असते असेही आम्ही म्हणणार नाही. सांगलीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पटवर्धनांच्या संस्थानाचा कारभार गणेशदुर्ग आणि राजवाडा या परिसरातून चाले; १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली झाले, आणि जिल्ह्याच्या कचेऱ्याही त्याच जुन्या परिसरात दीर्घकाळ राहिल्या. लोकांना ती जागा सोयीची होती. परंतु कृष्णा काही सोय पाहत नाही. २००५ साली पूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ साली पुन्हा जुन्या पेठांत पाणी शिरले. पुराच्या वेळी ज्यांनी इतरांना वाचवावयाचे त्या कार्यालयांनीच आधी आपले कागद वाचवीत बसावे, ही अवस्था चालण्यासारखी नव्हती. जिल्हाधिकारी कार्यालय आज सांगली-मिरज रस्त्यावर विजयनगरला आहे, आणि सांगली, मिरज व कुपवाड मिळून १९९८ साली एकच महापालिका झाल्यावर ती जागा तिन्ही गावांच्या मध्यावर येते. हे स्थलांतर समजण्यासारखे आहे, कारण त्यामागे सांगता येण्याजोगे कारण आहे. माणगंगेलाही अधूनमधून पूर येतो, तेव्हा नदीकाठ टाळावा हे योग्यच. पण नदीकाठ टाळणे म्हणजे गाव सोडणे नव्हे.

जागा ठरली की मग आतल्या रचनेचा प्रश्न येतो, आणि येथे पोलीस व पालिका यांच्या गरजा अगदी भिन्न आहेत. पालिकेत मनुष्य हक्काने, थोडा चिडून जातो. पोलीस ठाण्यात तो भिऊन जातो, आणि ज्या बाईला आपल्याच घरातील माणसाविरुद्ध काही सांगावयाचे आहे तिची गोष्ट तर विचारूच नये. ती पायरी चढते तेव्हा दारात पाच-दहा पुरुष उभे असतात, त्यांत तिच्या गावचे दोघे निघतात. ठाणे अंमलदाराच्या मेजासमोर, सर्वांच्या देखत, मोठ्याने तिने आपली कहाणी सांगावी अशी अपेक्षा असते. तेथूनच परत फिरणाऱ्या किती, याची नोंद कोणत्याही स्टेशन डायरीत होत नाही. एक वेगळी खोली, तिला दार, आत एक महिला कर्मचारी, आणि त्या खोलीकडे जाण्यास कोठडीवरून न जाणारी वाट, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल. याला संगमरवर लागत नाही. नकाशा काढताना विचार लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, स्वागतकक्ष अशा सर्व ठिकाणी कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. त्या आदेशाच्या मागे कोठडीतील मारहाणीचा दीर्घ आणि लज्जास्पद इतिहास आहे. जुन्या कचेरीत कॅमेरा कोपऱ्यात टांगावा लागतो आणि एखादा कोपरा त्याच्या नजरेतून सुटतोच. नव्या इमारतीत असा कोपरा ठेवावयाचा नाही, हे आराखड्यातच ठरविता येते. आरोपी, फिर्यादी आणि पोलीस या तिघांच्याही संरक्षणाचा हा प्रश्न आहे.

काही जण म्हणतील, आता सर्व कामे घरबसल्या होतात, दाखले संगणकावर मिळतात, तक्रारही दूरूनच करता येते. मग इमारतींची एवढी चिकित्सा कशाला? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत इलेक्ट्रॉनिक मार्गाने फिर्याद देण्याची सोय आहे हे खरे. परंतु त्याच कलमाप्रमाणे फिर्यादीने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावयाची असते. म्हणजे पायरी टळली नाही, तीन दिवसांनी लांबली. शिवाय ज्याच्या घरी संगणक आहे आणि ज्याला तो वापरता येतो, त्याला कचेरी लांब गेल्याचा जाच आधीच कमी होता.

दुसऱ्याची सोय पाहून कार्यालयाने स्वतःला बदलणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे याच माणदेशात आहेत. म्हसवडला १९९७ साली स्त्रियांनी स्त्रियांसाठी ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ काढली. प्रवर्तक स्त्रियांतील अनेक जणी अंगठा उठविणाऱ्या होत्या म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या स्त्रिया रिझर्व्ह बँकेत गेल्या, व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखविले आणि परवाना घेऊन परतल्या. पण मजुरी बुडवून बँकेत यावयास बायकांना फुरसत नव्हती, तेव्हा बँकच त्यांच्या दारी आणि बाजारात जाऊ लागली. दुसरे उदाहरण आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचे. औंध संस्थानात १९३९ साली गावांना स्वराज्य देण्याचा प्रयोग झाला, त्याच काळात तेथे भिंतींवाचूनची वसाहत स्थापन झाली. शिक्षा झालेले कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटामागे याच प्रयोगाची प्रेरणा होती. तुरुंगाला भिंत नसली तरी चालते, हे ज्या मुलखाने दाखविले तेथे पोलीस ठाण्याच्या ओसरीला एक बाक आणि पाण्याचा माठ असावा, ही मागणी फार क्रांतिकारक म्हणता येणार नाही.

पोलिसांच्या स्वतःच्या अवस्थेकडेही पाहिले पाहिजे. बारा-बारा तास उभा असणाऱ्या शिपायाला कपडे बदलण्यास खोली नसते, महिला शिपायांना स्वच्छतागृह नसते, आणि त्याच माणसाने आलेल्याशी सौजन्याने वागावे अशी आपली अपेक्षा असते. नवीन आयुक्तालये स्थापन करतानासुद्धा जागेचा विचार शेवटी होतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती; तात्पुरत्या जागेतून ते चिंचवडच्या प्रेमलोक पार्कमधील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत गेले. त्या शाळेचे नाव महात्मा फुले यांचे. शिक्षणासाठी नगरपालिकेशी भांडलेल्या माणसाच्या नावाच्या शाळेत पोलिसांची मेजे लागावीत, याचा दोष आम्ही पोलिसांस देणार नाही. आयुक्तालयाची घोषणा आधी आणि इमारतीचा विचार नंतर, या क्रमाचा तो परिणाम आहे.

बांधकामाच्या दर्जाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. २१ जून २०१८ रोजी पुणे महापालिकेच्या नव्या विस्तारित इमारतीचे उद्घाटन उपराष्ट्रपतींच्या हस्ते होत असताना पावसाचे पाणी छतातून सभागृहात गळू लागले, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राने वाचली. ठेकेदाराची देयके अदा करण्यापूर्वी एक पावसाळा जाऊ द्यावा, एवढेच आम्ही सुचवितो. मात्र अभिलेख खोलीची गोष्ट थोडी अधिक सांगावी लागेल. २१ जून २०१२ रोजी, म्हणजे पुण्याच्या घटनेच्या बरोबर सहा वर्षे आधी, मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली आणि मजलेच्या मजले कागदपत्रांसह जळाले. तालुक्यातील माणसाचा सातबारा, फेरफार, जन्माची नोंद, जुन्या पालिकेची मिळकत नोंदवही हे कागद त्याच्या जमिनीइतकेच मोलाचे असतात. जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद शोधणाऱ्या विद्यार्थ्याला हे विचारून पाहा. कचेरी हलते तेव्हा खुर्च्या काळजीने हलविल्या जातात, दप्तरे पोत्यांत भरून ट्रॅक्टरमधून जातात, आणि पोहोचेपर्यंत त्यांतील काही वाटेवरच संपतात. नव्या इमारतीत अभिलेख खोली तळघरात किंवा जिन्याखाली नसावी, आणि स्थलांतरापूर्वी दप्तराची मोजदाद होऊन तिची प्रत जाहीर लावली जावी. म्हसवडसारख्या दीडशे वर्षांहून जुन्या पालिकेच्या बाबतीत तर हे अगत्याचे आहे.

राहता राहिला प्रश्न सोडलेल्या इमारतींचा. साताऱ्यातील जुना आणि नवा हे दोन्ही राजवाडे संस्थान खालसा झाल्यावर सरकारी उपयोगात आले. जुन्या राजवाड्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले, म्हणून तो दिवस आज विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. नव्या राजवाड्यात दीर्घकाळ न्यायालये भरत. ती नव्या इमारतीत गेली आणि तेथून त्या वास्तूचे पुढे काय, ही चर्चा सुरू झाली. कार्यालय असते तेव्हा निदान कौले शाकारली जातात, पन्हळी साफ होतात. कार्यालय गेले की पहिल्या पावसाळ्यात पिंपळ उगवतो, दुसऱ्यात वासे खाली येतात, आणि तिसऱ्या वर्षी ‘धोकादायक’ अशी पाटी लावून ती जागा व्यापारी संकुलासाठी मोकळी होते. हा क्रम इतका नित्याचा झाला आहे की, त्यात कोणाचा हेतू असावा अशी शंका घेणेदेखील लोकांनी सोडून दिले आहे. जुन्या कचेरीचे काय करावयाचे याचा निर्णय नव्या कचेरीच्या ठरावातच लिहिला गेला पाहिजे: वाचनालय, अभ्यासिका, परगावच्या मुलींसाठी वसतिगृह, काहीही. गावाच्या मध्यावरची, एस.टी.च्या जवळची जागा नगराला पुन्हा मिळावयाची नाही.

हे ठराव करावयाचे कोणी, हाही प्रश्न अलीकडे गंभीर झाला आहे. २०२१-२२ नंतर कित्येक वर्षे राज्यातील बहुतेक पालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक ठराव मांडीत आणि प्रशासकच ते मंजूर करीत. कोट्यवधींच्या इमारतींचे निर्णय एकाच सहीने झाले. जोतीरावांचा विरोध बत्तीस सदस्यांच्या पालिकेत टिकला नाही, पण तो नोंदला तरी गेला. आज आपण तो वाचू शकतो. प्रशासकाच्या दप्तरात विरोधाची नोंद होण्यास जागाच नसते.

म्हणून माणमध्ये असो वा अन्यत्र, नव्या ठाण्याचा आणि नव्या पालिका भवनाचा नकाशा मंजुरीपूर्वी आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारपेठेत, मोठ्या कागदावर, मराठीत लावला जावा. एस.टी. स्थानकापासूनचे अंतर त्यावर फुटांत लिहावे. स्त्रियांच्या खोलीचे दार कोठे उघडते, अपंग माणसाचा उतार कोठून आहे, दप्तर कोठे राहणार आणि जुन्या इमारतीत उद्या काय असेल, हे त्यावर दाखवावे. शेजारी एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवावी, आणि जिला लिहिता येत नाही तिचे म्हणणे लिहून घेण्यासाठी पालिकेचा एक लेखनिक बाजार उठेपर्यंत तेथे बसवावा.